८८ खुर्च्यांचा हिशेब

प्रायोगिक नाटक काढतोय म्हटलं की लोक विषय विचारतात, कोण कोण काम करतंय ते विचारतात. पैशांचं कसं जमवलंत हे विचारायला संकोचतात, आणि ज्यांनी नाटक काढलेलं असतं तेही त्यावर बोलायचं टाळतात. परिणामी प्रत्येक नवा ग्रुप तीच वही पहिल्या पानापासून लिहायला घेतो. आम्ही २०२४ मध्ये पुण्यात एक नाटक उभं केलं. चार पात्रं, सव्वा तास, मध्यंतर नाही. मी त्यात नटी नव्हते आणि दिग्दर्शकही नव्हते. कागदपत्रं, तारखा, तिकिटं, टेम्पो, चहा आणि जमाखर्च हे माझं खातं. आता प्रयोगांची पहिली फेरी संपली आहे, आकडे ताजे आहेत, म्हणून लिहून टाकते.

पिंपरी-चिंचवडला शंभरावं नाट्यसंमेलन झालं तो जानेवारी २०२४ चा पहिला आठवडा. तिकडे मांडव भरत होता आणि इकडे आमच्या लेखकाचा तिसरा खर्डा वाचून होत होता. वाचन संपल्यावर पाच जणांनी दहा-दहा हजार काढायचे ठरले. लिहून ठेवलं, सह्या केल्या. मित्रामित्रांत कसल्या सह्या, असं एक जण म्हणाला. पण पैसे परत आले तर कोणत्या क्रमाने वाटायचे आणि आलेच नाहीत तर कुणी कुणाला बोल लावायचा नाही, या दोन ओळी कागदावर असल्याचा पुढे फार उपयोग झाला. एवढं तरी कराच.

पहिला प्रश्न संस्थेचा. स्वतःची संस्था काढायची तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, घटना लिहावी लागते, पुढे सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंद, दरवर्षीचं ऑडिट. दहा वर्षं नाटकं करायची खात्री असेल तर जरूर काढा. आमच्याकडे एका नाटकाची खात्री होती. ओळखीची एक जुनी नोंदणीकृत संस्था होती, तिच्या बॅनरखाली नाटक करायची परवानगी घेतली. बदल्यात जाहिरातीत त्यांचं नाव आणि दर प्रयोगाचा हिशेब त्यांच्या खजिनदारांना. याचा खरा फायदा नंतर कळतो. बाहेरगावचे आयोजक बिल मागतात, पॅन मागतात, चेक संस्थेच्या नावाने काढतात. कुणा एकाच्या बचत खात्यात नाटकाचे पैसे घेत बसलात तर आयकराच्या वेळी त्याच्या घरात भांडण ठरलेलं.

मग सेन्सॉर. सगळे सेन्सॉर म्हणत असले तरी त्याचं नाव रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. महाराष्ट्रात तिकीट लावून नाटक करायचं तर या मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याचं मूळ १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात आहे. चित्रपटांना पूर्वपरीक्षण असतं हे सगळ्यांना ठाऊक असतं, नाटकालाही असतं हे आमच्या चार कलाकारांपैकी दोघांना माहीत नव्हतं. या पूर्वपरीक्षणालाच अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. तत्त्वाच्या बाजूने मी त्यांच्या सोबत आहे, पण तारीख हातात असताना तत्त्व बाजूला ठेवून अर्ज भरावा लागतो. संहितेची स्वच्छ टंकलेली प्रत, लेखकाचं संमतीपत्र, शुल्क भरल्याचा पुरावा. आम्ही मार्चच्या सुरुवातीला अर्ज केला, एप्रिलमध्ये प्रमाणपत्र आलं, काटछाट काही नव्हती. दोन गोष्टी सांगते. तालमीत संहिता रोज बदलत असते, त्यामुळे अर्ज फार लवकर करू नका, नाहीतर मंजूर झालेलं नाटक एक आणि रंगमंचावरचं दुसरं असं होतं. आणि प्रमाणपत्राच्या चार झेरॉक्स कायम पिशवीत ठेवा. नाट्यगृह मागतं, आयोजक मागतो, हद्दीतल्या पोलीस ठाण्यात पत्र देऊन पोच घ्यायची असेल तर तिथेही एक जोडावी लागते.

संगीताबाबत दिग्दर्शकाच्या मनात एक जुनं चित्रपटगीत होतं. ध्वनिमुद्रणाचा परवाना वेगळा, गीत आणि चालीचा वेगळा, हे त्याला समजावून सांगण्यात एक संध्याकाळ गेली. शेवटी एका मैत्रिणीकडून नवीन तुकडे करून घेतले. तिचं मानधन आणि स्टुडिओ मिळून नऊ हजार. गाणं नसल्यामुळे नाटक सुधारलं असं माझं मत आहे, दिग्दर्शकाचं नाही.

तालमी एका शाळेच्या वर्गात. दहावीचं केंद्र असल्यामुळे मार्चभर वर्ग मिळाला नाही, तेव्हा एका कलाकाराच्या गच्चीवर. तालमीची जागा, नेपथ्य, कपडे, संगीत, फोटो आणि पोस्टर, कागदपत्रं आणि चहा असं सगळं मिळून पहिल्या प्रयोगाआधी ५२ हजार गेले. त्यातले चहाचे ४,८००. दिग्दर्शकाला हा आकडा अजून खरा वाटत नाही. नेपथ्याला १४,५०० गेले आणि ते जास्त आहेत असं मला तेव्हाही वाटत होतं, कारण त्यातला एक दरवाजा नाटकात कुणी उघडत नाही.

आता नाट्यगृह. पुण्यात नाटक म्हणजे बालगंधर्व, यशवंतराव चव्हाण, टिळक स्मारक असं बाहेरच्यांना वाटतं. ही व्यावसायिक नाटकांची घरं. बालगंधर्वला नऊशेहून जास्त खुर्च्या आहेत. तिथे आमचे साठ प्रेक्षक बसवले असते तर चारी बाजूंना लाल रेक्झिन दिसलं असतं. हा दिसण्याचा प्रश्न तर आहेच, पण त्याहून ऐकण्याचा आहे. साठ माणसं साठ खुर्च्यांत खांद्याला खांदा लावून बसली की एकाचं हसू शेजाऱ्याला लागतं. तीच साठ माणसं मोठ्या सभागृहात विखुरली की प्रत्येक जण आपण एकटेच हसलो की काय म्हणून गप्प होतो, आणि नट घाबरून वेग वाढवतो. प्रायोगिक नाटक छोट्या जागेत होतं ते केवळ गरिबीमुळे नव्हे. आविष्कार या नाट्यसंस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेत नाटकं सुरू केली, तो शाळेचा हॉल होता, आणि जवळून बघण्याची सवय मराठी प्रेक्षकाला तिथे लागली. पुण्यात आज सुदर्शन रंगमंच आहे, द बॉक्स आहे, थोडं मोठं हवं तर ज्योत्स्ना भोळे सभागृह. आम्हाला पेठेतली एक ८८ खुर्च्यांची जागा मिळाली. खुर्च्या सुट्या, हलवता येणाऱ्या. ही सुटी खुर्ची फार मोलाची, पुढे सांगते.

तारीख मिळाली १५ जून, शनिवार, संध्याकाळी सात. दुसरी २९ जून.

आणि मग मी एका प्रयोगाचा खर्च मांडला. भाडं वीज आणि ध्वनियंत्रणेसह ६,५००. जादा दिवे आणि ते चालवणारा ३,५००. टेम्पो १,५००. चार कलाकार आणि पडद्यामागचे दोघं, प्रत्येकी पाचशे नाइट (एका प्रयोगाचं मानधन), म्हणजे ३,०००. लेखकाचं मानधन १,०००. चहा-नाश्ता १,०००. जाहिरात १,५००. एकूण १८,०००. तिकीट दोनशे ठेवायचं ठरलं होतं. ८८ गुणिले २०० म्हणजे १७,६००. हाऊसफुल्लचा बोर्ड लागला तरी चारशे रुपये खिशातून. आणि यात ५२ हजार परत यायचा विषयच नाही, माझा आणि दिग्दर्शकाचा एक रुपयाही नाही, ऑनलाइन तिकीट विकणाऱ्यांचं कमिशन नाही.

हे गणित आमच्यापुरतं विचित्र असेल असं वाटलं होतं, तसं नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच हे मांडलंय. कारखान्यात तीच वस्तू दरवर्षी कमी माणसांत आणि कमी वेळात तयार होऊ लागते. चार पात्रांच्या नाटकाला मात्र आजही चार माणसं आणि सव्वा तासच लागतो. बाकी सगळ्यांचे पगार वाढतात तसा टेम्पो, भाडं, वीज वाढतं, आणि रंगमंचावर बचत करायला जागाच नसते. मोठं नाट्यगृह निदान खुर्च्यांची संख्या तरी वाढवू शकतं. छोट्या जागेत उत्पन्नाला वरून झाकण बसलेलं असतं आणि खर्चाला तळ नसतो. दोनशेचं अडीचशे करण्याला सगळ्यांचा विरोध होता, विद्यार्थी येणार नाहीत म्हणून. माहितीसाठी, ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यामुळे ती भीती बाळगू नका.

पहिल्या प्रयोगाला चाळीस पास गेले. नातेवाईक, जुने दिग्दर्शक, ज्यांच्याकडून टेबल आणलं ते, पत्रकार. उरलेली ४८ तिकिटं चार दिवस आधीच संपली. शुक्रवारी आणि शनिवारी मी फोनवर लोकांना नाही म्हणत होते, मनातून जरा सुखावून. सात वाजता मोजलं तर पासवाल्यांपैकी सतरा जण आले होते. तेवीस खुर्च्या रिकाम्या, त्याही पुढच्या दोन रांगांतल्या, कारण मानाच्या म्हणून राखल्या होत्या. नटांना समोर काळोखात तेवढ्याच दिसत होत्या.

फुकट पास हातात असलेल्या माणसाचं काही जात नाही. पाऊस आला, पाहुणे आले, कंटाळा आला, तो घरी राहतो, आणि राहिलो म्हणून कळवतही नाही, कारण कळवलं तर आपण पास घेतला होता हे उगाच लक्षात येतं. दोनशे भरलेला माणूस पावसात भिजत येतो. त्या रात्री ठरलं की यापुढे तिकीट प्रत्येकाला, कलाकारांच्या आई-वडिलांनासुद्धा. एका आईने मला स्पष्ट विचारलं, ‘अगं, त्याला वाढवलं मी आणि बघायचे पैसे पण मीच द्यायचे?’ दिले मात्र. आणि नंतरच्या प्रत्येक प्रयोगाला शेजारणींना घेऊन आल्या, सगळ्यांची तिकिटं काढून.

पावसावरून आठवलं. आमच्या नेपथ्यात कडेला एक स्टूल आहे, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेपासून हातभर अंतरावर. त्या दिवशी एका काकांनी आपली ओली छत्री त्या स्टुलावर ठेवली आणि निवांत बसले. पहिली घंटा झाली होती. मी वाकून हळूच म्हटलं, ‘काका, तेवढी छत्री घेता का? ते नाटकातलं आहे.’ ते म्हणाले, ‘असू दे हो, ओली आहे, खाली चिखल होईल.’ मला काही सुचेना. तिसरी घंटा झाली, अंधार झाला. तिसऱ्या मिनिटाला आमची नटी त्या स्टुलावर बसते. ती आली, छत्री उचलली, झटकली, दाराशी नेऊन टेकवली आणि परत येऊन बसली, इतक्या सहज की नंतर दोघांनी मला विचारलं की त्या छत्रीचा अर्थ काय होता. काकांनी नाटक संपल्यावर दारापाशी जाऊन ती घेतली आणि नटीला ‘छान काम’ म्हणून गेले.

छोट्या जागेत प्रेक्षक आपण कुठून कुठपर्यंत प्रेक्षक आहोत हे ठरवू शकत नाही. मोठ्या नाट्यगृहात रंगमंच चार फूट उंच असतो, पडदा असतो, त्यामुळे प्रश्नच येत नाही. इथे नटाचे पाय त्याच्या चपलांजवळ असतात. म्हणून पहिली रांग कुणाला नको असते. लोक आत येतात, थबकतात आणि भिंतीकडे सरकतात. यावर उपाय सुट्या खुर्च्यांचा. ऑगस्टपासून आम्ही सुरुवातीला साठच खुर्च्या मांडायला लागलो, बाकीच्या मागे थप्पी लावून. गर्दी वाढली की मागे एकेक रांग जोडायची. पुढचं आपोआप भरतं, आणि उशिरा आलेल्याला मागे जागा मिळते.

उशिरा येणं हा वेगळाच अध्याय. आमच्या जागेचं दार रंगमंचाच्या उजव्या अंगाला उघडतं, म्हणजे सात-वीसला आलेला माणूस अक्षरशः नाटकातून चालत जातो. तिसऱ्या घंटेनंतर प्रवेश नाही अशी पाटी लावून बघितली. पण ज्याने पैसे भरलेत आणि जो लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीत अडकला होता, त्याला पाटी दाखवून परत पाठवणं मला जमत नाही. दिग्दर्शकाने बाराव्या मिनिटाला असलेला अंधार दहा सेकंदांनी वाढवला. उशिरा आलेले सगळे माझ्याबरोबर बाहेर कुजबुजत उभे राहतात आणि त्या अंधारात एकदम आत सोडले जातात. प्रवेश कधी, हे तिकिटाच्या मेसेजमध्येच लिहितो. नियम आधी कळला की माणसं चिडत नाहीत.

मोबाइलबद्दल मी वेगळं काय सांगणार? सुबोध भावेंसारख्या नटाला २०१९ मध्ये जाहीरपणे म्हणावं लागलं होतं की फोन वाजत राहणार असतील तर नाटकात काम करणंच थांबवेन. ध्वनिमुद्रित सूचनेकडे कुणाचंही लक्ष नसतं, विमानातल्या सूचनेसारखी ती ऐकून सोडून द्यायची असते. आमच्याकडे मी स्वतः समोर उभी राहते आणि सांगते, आता सगळ्यांनी फोन बाहेर काढून बंद करूया, मीही करते. आणि करेपर्यंत थांबते. ८८ जणांत हे चालतं. अर्ध्या मिनिटाची ती शांतता अवघडलेली असते, पण त्यानंतर फोन क्वचित वाजतो. मनगटावरच्या घड्याळांचं काय करायचं ते अजून जमलेलं नाही. हात हलला की काळोखात निळा उजेड पडतो, आणि ज्याच्या मनगटावर पडतो त्याला सोडून सगळ्यांना दिसतो.

आता २९ जून. फोनवर ४६ जणांनी नावं नोंदवली होती, पैसे दारात द्यायचे होते. गुरुवारी रात्री उशिरा भारताने ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकाचा उपान्त्य सामना जिंकला आणि शनिवारी रात्री आठचा अंतिम सामना भारताचा झाला. शुक्रवारपासून माझा फोन शांत. रद्द करायलाही कुणी फोन केला नाही. शनिवारी २१ जण आले. जमा ४,२००, खर्च १८,०००. त्या २१ जणांत तीन-चार जण असे होते की ज्यांना क्रिकेटमध्ये रस नव्हता, बाकीचे केवळ शब्द दिला म्हणून आले होते आणि आठ वाजल्यापासून त्यांची घालमेल दिसत होती. सव्वाआठला टाळ्या वाजल्या त्या मनापासून होत्या की सुटल्याच्या, कुणास ठाऊक. नेपथ्य टेम्पोत चढवताना सगळ्यांचं लक्ष ड्रायव्हरच्या फोनवर. भारत जिंकला तेव्हा टेम्पो अर्धा भरलेला होता आणि रस्त्यावर फटाके. नटांना नाइट द्यायची का, हा प्रश्न दिग्दर्शकाने मला बाजूला घेऊन विचारला. दिली. तोट्याचा प्रयोग असला की आधी नटांचे पैसे थांबवायचे ही सवय एकदा लागली की सुटत नाही.

जुलैत आम्ही बसलो. दोन प्रयोगांत मिळून २२,२०० चा तोटा. नेपथ्य ठेवायला महिना सातशेची खोली. इथे नाटकं थांबतात, आणि का थांबतात ते मला तेव्हा कळलं. कुणाचं भांडण होत नाही, पुढची तारीख घ्यायची राहून जाते.

खर्च उलगडून बघितला तर एक गोष्ट दिसली. टेम्पो, दिवे, जाहिरात, नेपथ्य लावण्याची मेहनत हे सगळं प्रयोगाचं नव्हतं, दिवसाचं होतं. एकाच दिवशी साडेचार आणि साडेसात असे दोन प्रयोग केले तर दुसऱ्या सत्राचं भाडं चार हजार, दिव्यांचे हजार रुपये जास्त, चहाचे पाचशे, नाइट आणि लेखक दुप्पट. दोन्ही मिळून २७,५००, म्हणजे प्रयोगाला १३,७५०. तिकीट अडीचशे केलं तर ५५ माणसांत खर्च निघतो. ८८ पैकी ५५ हे शक्य कोटीतलं होतं. नटांचा जीव जातो हे खरं. साडेसातच्या प्रयोगात आवाज थोडा बसलेला असतो, पण नाटक जास्त चांगलं होतं, कारण दुपारी काय पोहोचलं नाही ते ताजं असतं. आगाऊ यूपीआय केल्याशिवाय खुर्ची राखायची नाही, हेही त्याच बैठकीत ठरलं.

१० ऑगस्टला ६४ आणि ७१. अडीचशेमुळे कुणी गळाल्याचं दिसलं नाही. विद्यार्थ्यांसाठी दुपारच्या प्रयोगाला दहा खुर्च्या शंभराला ठेवाव्यात असं एकाने सुचवलं, पण त्या खुर्च्यांवर नोकरदार येऊन बसलेले मी इतर ठिकाणी बघितले आहेत. त्याऐवजी प्रयोगाला मदत करणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही नाटक दाखवतो. खुर्च्या मांडायच्या, दार सांभाळायचं, नंतर उभं राहून बघायचं.

साडेचारचा प्रेक्षक वेगळा असतो हे तेव्हा कळलं. निवृत्त मंडळी जास्त, वेळेआधी अर्धा तास हजर, खोकला भरपूर, आणि संवाद शेजाऱ्याला समजावून सांगण्याची सवय. पण ऐकतात बारकाईने. साडेसातला तरुण जास्त, हसतात पटकन, शांत जागांवर चुळबुळतात. विनोदाच्या जागा दोन्हीकडे वेगळ्या निघतात. नटांनी दुपारच्या शांततेला प्रतिसाद नाही असं समजू नये म्हणून मी त्यांना मध्ये मुद्दाम सांगायला जाते, की पोहोचतंय.

तारखांचं एक. गणपतीत पेठेत नाटक विसरा, रस्तेच बंद असतात. पालखी मुक्कामाला असते तेव्हाही. पितृपक्षात मात्र जागा मोकळ्या असतात, कारण शुभारंभ कुणाला नको असतात. आमचा शुभारंभ होऊन गेला होता. २९ सप्टेंबरचा रविवार असा मिळाला, ५८ आणि ८०.

नाटक संपल्यावर देणगीची पेटी ठेवावी की नाही यावर बराच काथ्याकूट झाला. तिकीट काढलेल्या माणसापुढे परत हात पसरणं काहींना पटेना. मी ठेवली. टेबलावर नुसती ठेवलेली पेटी लोक बघून पुढे जातात. शेजारी नट रंग न पुसता बोलत उभा असेल तर थांबतात, दोन वाक्यं बोलतात आणि मग पाकीट काढतात. जानेवारीपर्यंत पेटीत ६,४०० जमले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पेटीजवळ ठेवलेल्या वहीत लोकांनी फोन नंबर लिहिले. पुढच्या प्रयोगाची जाहिरात आता बहुतेक त्याच नंबरांवर जाते. वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात वाचून आलो असं सांगणारे कमी, ‘वहिनींनी सांगितलं’ म्हणून आलेले जास्त.

नोव्हेंबरात सांगली जिल्ह्यातल्या एका नाट्यरसिक मंडळाने प्रयोग विकत घेतला. तीस हजार, राहणं-जेवण त्यांचं, दिवे त्यांचे. प्रवास अकरा हजार, नाइट हजार-हजार, लेखकाला दीड हजार, उरले ११,५००. तिकीटविक्रीच्या एकाही दिवशी एवढे उरले नव्हते. मंडळाचे सभासद वर्षाची वर्गणी भरतात आणि वर्षभर जे येईल ते बघतात. म्हणजे नाटक आवडेल की नाही हा धोका मंडळ घेतं, आम्ही नाही. हॉलमध्ये तीनशे माणसं, पुढे सतरंजीवर मुलं, मधूनच कुणीतरी उठून पंखा वाढवणार. विधानसभेची आचारसंहिता चालू होती, त्यामुळे आधी कुणा उमेदवाराचा सत्कार नाही, भाषण नाही, वेळेवर पडदा. दिग्दर्शक सतरंजी बघून हादरला होता. मुलं पाऊण तास बसली आणि नंतर झोपली. मोठ्यांनी आमच्या पुण्यातल्या प्रेक्षकांनी कधीच न हेरलेल्या एका वाक्याला टाळी दिली. ती टाळी मिळाल्यावर नट दोन सेकंद थांबला, आता पुण्यातही तिथे थांबतो.

अशा मंडळांपर्यंत पोहोचायचं कसं, तर दहा मिनिटांचं बरं चित्रीकरण, एक पानभर माहिती, किती माणसं येणार, रंगमंच किती बाय किती लागतो, दिवे किती, आणि मानधनाचा स्पष्ट आकडा. ‘तुम्ही काय द्याल ते’ असं लिहू नका. त्यांनाही त्यांच्या सभेत आकडा मांडायचा असतो. शासनाची नाट्यनिर्मितीसाठी अनुदान योजनाही आहे, पण ती मिळेल असं धरून अंदाजपत्रक करू नका. मिळालं तर वरचं.

१८ जानेवारी २०२५ ला परत जोडप्रयोग, ८० आणि ८६. शेवटच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या त्या खांबाआडच्या, त्या आता आम्ही विकतच नाही. त्या एकट्या दिवसात १४ हजार उरले. खोलीचं सात महिन्यांचं भाडं धरून आजचा हिशेब असा, की सुरुवातीच्या ५२ हजारांपैकी ३३,९५० अजून बाहेर आहेत. असेच आणखी दोन-तीन जोडप्रयोग आणि एखादा विकलेला प्रयोग झाला तर पाचही जणांचे पैसे परत जातील. तोपर्यंत नाइट पाचशेचीच. ती वाढवायची की आधी मुद्दल फेडायची यावर रविवारी बैठक आहे. कलाकारांनाही बोलावलं आहे, आणि वही मी घेऊन जाणार आहे. न उघडणारा दरवाजा काढून टाकला तर टेम्पोऐवजी छोटा हत्ती पुरेल, दिवसाला सहाशे वाचतील, हा विषय मी शेवटी काढेन.